पहिल्या खांद्याच्या अँटिबॉडी

चार पूर्णांक दोन. अहो, बांगडेसुद्धा माणूस निदान पाच घेतो! आणि मी, शांताराम गोताड, वय वर्षं त्रेपन्न, सरकारी कचेरीत आवक-जावक विभागाचा वरिष्ठ लिपिक, कोरोनाच्या तोंडातून सतरा दिवसांनी बाहेर आलेला माणूस, माझ्या अंगात अँटिबॉडी निघाल्या चार पूर्णांक दोन. हा आकडा मोबाइलवर आला तेव्हा मी रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर चंपाबाईच्या टोपलीपुढे उकिडवा बसलो होतो. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "काय झालं हो भाऊ? कोण गेलं काय?"

"कोणी गेलं नाही. तू बांगडे घाल पिशवीत," मी म्हटलं. त्या तंद्रीत मी पैसे देऊन बांगडे तिथेच विसरून घरी आलो.

तुम्ही म्हणाल, अँटिबॉडी मोजायची ही हौस तुला कोणी सांगितली होती? मला कसलीही हौस नव्हती. हौस होती आमच्या गावाला.

आमचं गाव आंबेकोंड, रत्नागिरीपासून एसटीने तासभर आत. तिथे शिमग्याला वाघजाईची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, उठते, तेव्हा पहिला खांदा आमच्या घराचा. दुसरा खांदा माझा चुलतभाऊ संदेश, त्याच्या घराचा. हे साधं वाटतं का तुम्हाला? ह्या पहिल्या खांद्यासाठी माझे आजोबा अकरा वर्षं कोर्टात भांडले. त्या खटल्यात आमची दोन हापूसची कलमं आणि आजोबांचे सगळे दात गेले, पण खांदा राहिला. पहिला खांदा ज्याचा, त्याच्याच घरी त्या दिवशी पालखीबरोबरच्या माणसांचं जेवण असतं. तोही मानच. बावीस वर्षं तो खांदा मी देतोय, आणि देवीला नाचवून नाचवून माझा उजवा खांदा जरा खाली उतरलाय, तो मी फोटोत मुद्दाम दिसू देतो.

तर दोन हजार एकवीसचा शिमगा तोंडावर आला आणि वरून हुकूम आला, पालखीबरोबर माणसं पंचवीसच. आता आमच्या गावात पंचवीस माणसं निवडायची म्हणजे काय चेष्टा आहे? तिथे जो तो मानकरी. नारळ फोडणारा मानकरी, फोडलेला नारळ उचलणारा मानकरी, आणि करवंटी कुठे टाकायची ते सांगणारा तिसरा. मोबाइलवर सभा झाली. दीड तास नुसतं "आवाज येतोय काय?" चाललं होतं. मग मुंबईच्या कुणा चाकरमान्यानं माहिती सोडली, की ज्याला कोरोना होऊन गेला त्याच्या अंगात अँटिबॉडी असतात, त्याच्यापासून भय कमी. झालं! आमचे प्रमुख मानकरी बाबाजी गावकर, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला.

"ज्याच्या अंगात बॉड्या, त्याचाच खांदा. दर घराचा एकेक कागद आणायचा. धाच्या वर पायजे."

कुणीतरी विचारलं, दहाच का? बाबाजी म्हणाले, "धा आकडा चांगला हाय." ह्यावर कोण काय बोलणार? ठराव वहीत चढला. ज्या घराचा कागद दहाच्या खाली, त्या घराचा मान यंदापुरता भाऊबंदाकडे. यंदापुरता! आमच्या गावात 'यंदापुरता' गेलेला मान कोर्टाची पायरी चढल्याशिवाय परत आलेला नाही. माझा भाऊबंद म्हणजे संदेश, आणि संदेशला कोर्टाची भीती नाही.

खोटं कशाला सांगू, ठराव ऐकून मला आनंदच झाला होता. आख्ख्या आंबेकोंडात कोरोना झालेला पहिला माणूस मी. गौरी-गणपती आटपून मांडवीच्या घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी ताप. ताप दोनच दिवस होता हे खरं, पण आजार असा दिवसांवर मोजायचा नसतो. सतरा दिवस मी आतल्या खोलीत एकटा होतो. चहा हवा असला की देव्हाऱ्यातली घंटा वाजवायची, की विमला, म्हणजे आमची मंडळी, उंबऱ्यावर कप ठेवून मागे सरायची. विमलाला देवाच्या कृपेनं काही झालं नाही. बाहेर आल्यावर मी ही हकिकत कचेरीत सांगितली, एसटीत सांगितली, केस कापताना सांगितली. दर वेळी ती थोडी वाढायची. डिसेंबरपर्यंत मी स्वर्गाचं दार अर्धवट उघडलेलं बघून परत आलो होतो.

आणि आता चार पूर्णांक दोन.

आमची मनस्वी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकते. तेव्हा वर्ग मोबाइलवर चालायचे, म्हणून ती घरीच होती. तिला कागद दाखवला. ती म्हणाली, "असू दे ना बाबा. प्रत्येकाचं वेगळं असतं. वय असतं, वजन असतं, किती महिने झाले ते असतं, तंबाखू ओढतो का ते असतं. आणि आजार किती जोराचा होता ते."

"ते कसं काय?"

"साधारण ज्याला जास्त त्रास झाला, त्याच्यात जास्त सापडतात. नेहमीच नाही, पण साधारण."

"म्हणजे तुला म्हणायचंय काय?"

"मी कुठे काय म्हणत्ये? अभ्यास करणारे म्हणतात. आणि बाबा, ह्या एका आकड्यावरून कोण सुरक्षित नि कोण नाही हे ठरतच नाही. तुमच्या गावचा ठरावच चुकीचा आहे."

"ठराव बाबाजी गावकरांचा आहे," मी जरा आवाज चढवून म्हटलं.

"विषाणूला ठाऊक आहे का ते?" असं म्हणून ती मोबाइलमधल्या भातावरच्या किडीकडे वळली.

माझ्या जिवाला चैन पडेना. खुर्चीत बसावं तर उठावंसं वाटे, उठावं तर जायचं कुठे ते कळेना. कागद कमी निघाला तर खांदा जाणार, हे एक. आणि कागद गावात कळला तर आजारही जाणार, हे दुसरं! तेवढ्यात संदेशचा फोन.

"दादा, माझ्या अडतीस आल्या."

अडतीस! हा माणूस दिवसाला बिडीचा कट्टा ओढतो. ह्याला कोरोना झाला तोसुद्धा माझ्यानंतर महिन्याने, माझं बघून झाल्यासारखा. नऊ दिवस इस्पितळात होता, नाकात नळी होती, हे खरं. पण त्यानं ते कधी नीट रंगवून सांगितलं नाही, म्हणून माझ्या ते लक्षात राहत नाही.

"तुझ्या किती रे आल्या?" त्यानं विचारलं.

"माझा कागद यायचाय अजून," मी म्हटलं आणि रेंज गेल्याचं नाटक केलं.

शेजारी आनंदीबाई राहतात. हायस्कुलात तेहतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. भिंतीपलीकडून त्यांना सगळं ऐकू येतं. पंधरा मिनिटांत त्या हजर.

"काढा प्यालात ना तुम्ही तेव्हा? दिवसातून कितीदा?"

"पाच-सहा वेळा. विमला द्यायची."

"तिथेच घोटाळा झाला! मेला तो विषाणू काढ्यानंच मेला. तुमच्या अंगाला लढायचं कामच पडलं नाही. मग अँटिबॉडी येणार कुठून, आकाशातून?"

हे मला फार पटलं. आजार भयंकरच होता, पण काढा त्याहून भयंकर होता. मग आकडा वर कसा काढायचा, ह्याचंही त्यांच्याकडे टिपण तयार होतं. रोज कुर्ल्यांचा रस्सा, दोन अंडी, सकाळच्या उन्हात मांडवीच्या वाळूवर अनवाणी फेऱ्या, आणि मनात वाईट विचार आणायचे नाहीत. पहिली तीन मी केली. चौथं जमलं नाही, कारण फेऱ्या घालताना मला सारखा संदेश दिसायचा. कचेरीत कुणीतरी सांगितलं, हळद नाकात घाला. तीही घातली. तिसऱ्या दिवशी कुर्ल्यांनी पोटात असा काही गोंधळ घातला की मी हजेरीपटावर सही करून थेट घरी आलो. "उगाच काहीबाही खाताय," विमला म्हणाली, आणि मऊ भात टाकला. लस घ्यावी म्हटलं तर ती तेव्हा साठीच्या वरच्यांना नि दुखणाईतांना चालली होती. साठी लवकर येत नाही, आणि दुखणाईत म्हणून नाव लावायला मन होईना.

मग पुन्हा तपासणी. लॅबमध्ये दर्शन म्हणून एकजण आहे. अत्यंत सभ्य, आणि सभ्य माणसाशी भांडता येत नाही हा त्याचा मोठा दोष. तो म्हणाला, "काका, मागल्या खेपेला राहून गेलं. तुमचा तेव्हाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट लागेल. फॉर्मवर आजाराची तारीख हवी."

रिपोर्ट होताच कुठे? तेव्हा नुसता फोन आला होता, "तुम्ही पॉझिटिव्ह आहात, घाबरू नका," आणि फोन करणाराच घाबरलेला होता. तर तो दाखला आणायला मी एका कचेरीत गेलो. नाव घेत नाही, आपलेच लोक आहेत. तिथल्या कारकुनाने मला ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून वरच्या मजल्यावर, वरून परत पहिल्या खिडकीवर फिरवलं. सव्वीस वर्षं मी हेच काम करतोय, तेव्हा त्याचं कसब मला मानावंच लागलं. शेवटी त्यानं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, आणि एकदम खुर्ची मागे सरकवली.

"अहो, तुम्ही बाहेर कसे?"

"म्हणजे?"

"तुमचं विलगीकरण चालू आहे! बरे झाल्याची नोंदच नाही इथे."

कागदोपत्री मी सात महिने आत होतो. त्यानं मास्कवर रुमाल धरला. रांगेतली माणसं दोन-दोन पावलं मागे झाली, आणि मागे कुणाचा तरी डबा पडला. मी म्हटलं, मी धडधाकट तुमच्यापुढे उभा आहे. तो म्हणाला, "असाल. पण नोंद बंद करायला निगेटिव्ह रिपोर्ट लागेल." म्हणजे मला कोरोना झाला होता हे सिद्ध करण्यासाठी आधी मला कोरोना नाही हे सिद्ध करायचं! नाकात काडी घालून घेतली, दोन दिवस थांबलो, अर्ज दोन प्रतींत दिला, आवक क्रमांक मिळाला. त्या क्रमांकाचा शिक्का उलटा मारला होता. मी तो बघून घेतला आणि गप्प बसलो, कारण आमच्याकडेही तो तसाच मारतात.

एवढं करून दुसरा आकडा आला तीन पूर्णांक नऊ.

शिमग्याला चार दिवस उरले होते. मी घरभर येरझारा घालत होतो. आनंदीबाई गंभीरपणे म्हणाल्या, "मला मशीनचाच संशय येतोय. प्रयोग करून बघू या. विमलाताईंना कोरोना झाला नव्हता ना? मग त्यांचं रक्त द्या. शून्य यायला हवं. नाही आलं तर मशीन खोटं."

विज्ञान ते विज्ञान! मी लगेच विमलाला म्हटलं, चल. ती पोळ्या लाटत होती. "मला कशाला? माझं काय अडलंय?" म्हणाली. "तुझं काही नाही, म्हणूनच चल," मी म्हटलं. ती हात धुऊन आली. सुई टोचताना तिनं तोंड फिरवलं नाही, हे दर्शनने मला मुद्दाम सांगितलं. माझ्या वेळी मी काय केलं होतं ते इथे सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद आला. दोनशे बारा.

मी घरातच नाचलो. मशीन खोटं! धडधाकट बाईला दोनशे बारा देतं, आणि मला चार! कागद फडकावत लॅबमध्ये गेलो आणि दर्शनला चार माणसांत सुनावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि ठेवलेल्या रक्ताचा नमुना माझ्यासमोर पुन्हा मशीनला लावला. आम्ही दोघे बाकावर बसलो. दोनशे अकरा आला.

"काका, मशीन बरोबर आहे," तो म्हणाला. "काकूंना होऊन गेलाय. आणि चांगलाच झालेला दिसतो."

घरी आलो तेव्हा विमला भाजी निवडत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, "तुला कोरोना झाला होता?"

"झाला असेल."

"असेल म्हणजे? कधी?"

"तुम्ही आत होतात तेव्हा. आठ-नऊ दिवस ताप होता मला. चढायचा, उतरायचा."

"मग बोलली नाहीस ती?"

"कुणाला सांगणार? आतल्या खोलीत तुम्ही होतात." तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. "आणि दोघंही झोपलो असतो तर चहा कोणी दिला असता?"

ती रागावून बोलली असती तर मला उत्तर सुचलं असतं. ती साधंच बोलली. लागण नको म्हणून मनस्वीला तेव्हा दापोलीलाच राहायला सांगितलं होतं, त्यामुळे घरात तिसरं माणूस नव्हतं. मी आत जाऊन कॉटवर बसलो. परत उठलो. मला लाज वाटली हे मी कबूल करतो. पण माणसाचं मन किती नालायक असतं बघा, पाच मिनिटांत त्या लाजेतून मला एक युक्ती सुचली.

ठरावात शब्द काय होता? 'घराचा कागद'! माणसाचा कुठे म्हटलंय? आणि हा कागद माझ्या घरचाच नव्हता काय? वरची नावाची ओळ आत दुमडली की आकडा तेवढा राहतो. एसटीत बसून गावाला जाताना मी ती घडी तीनदा घालून बघितली. शेजारच्या सीटवर विमला खिडकीला डोकं टेकून झोपली होती. पूर्वी ती एसटीत कधी झोपत नसे, असं मला उगाच वाटून गेलं.

सभा सहाणेवर भरली. बाबाजी गावकर खुर्चीत, मांडीवर ठरावाची वही, मानकरी दोन हात अंतर सोडून, म्हणजे सुरुवातीला सोडून, उभे. बायका ओटीची ताटं घेऊन एका बाजूला. एकेक कागद वाचला जात होता. कुणाचे बारा, कुणाचे पंधरा. एकाने मधुमेहाचा कागद आणला होता, त्यात एकशे ऐंशी होते, ते बाबाजींनी जवळजवळ मान्य केले होते. संदेश दाढीबिढी करून, नवा शर्ट घालून तयार उभा होता. त्याच्या अडतीसला टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं. मी घडी घातलेला कागद पुढे केला, आकड्यावर बोट ठेवून.

बाबाजींनी डोळे बारीक केले. "गोताड शांताराम, घराच्या बॉड्या... दोनशे बारा!"

सभेत एकदम कल्लोळ झाला. "दोनशे!" "काय सांगतोस!" "मेल्यानं आजार काढला तर असा काढला!" ढोलवाल्यानं उगाचच एक टिपरू हाणलं. माझी छाती फुगली, उजवा खांदा आपोआप खाली उतरला. आणि तेवढ्यात संदेश गर्दीतून माझ्याकडे आला. मला वाटलं, आता हा भांडणार. त्याचे डोळे भरले होते.

"दादा, मला माफ कर," तो म्हणाला. "तू तुझ्या आजारपणाचं सांगायचास तेव्हा आमी मागून हसायचो. मला नऊ दिवस नळी होती. रात्री वाटायचं, संपलं आता. त्याच्या माझ्या अडतीस. आणि तुझ्या दोनशे? अरे, किती सोसलंस रे तू! आणि घरात एकटा! कोणी विचारायलापण नाही!"

मी वर बघितलं. बायकांच्या घोळक्यात विमला ताट घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, पण तिच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. एसटीची वाट बघणारं माणूस उभं असतं तशी ती उभी होती. संदेशनं माझा हात धरला होता आणि तो काही सोडत नव्हता.

"ते माझे नाहीत," मी म्हटलं.

"काय नाय?" बाबाजींनी विचारलं.

"आकडा माझा नाही. हिचा आहे. माझे तीन पूर्णांक नऊ. सोसलं ते हिनं. मी आत होतो आणि घंटा वाजवत होतो."

बाबाजींनी कागदाची घडी उलगडली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "विमला शांताराम गोताड." मग जो काय गोंधळ उडाला तो विचारू नका. कुणी म्हणे लबाडी आहे, मान काढून घ्या. कुणी म्हणे घराचा कागद तो घराचाच. कुणी विचारलं, मग खांदा काय बाई देणार? बाबाजींनी सगळ्यांना हाताने थांबवलं आणि वही पुन्हा वाचली.

"ठरावात बापया का बाय, काय लिवलेलं नाय. 'ज्याच्या अंगात बॉड्या त्याचा खांदा.' मान विमलाचा. बोल गो बाय, काय म्हणणं तुझं?"

विमलानं ताट संदेशच्या बायकोच्या, काशीच्या हातात दिलं आणि पुढे आली. बावीस वर्षांत मी तिला त्या सहाणेवर बोलताना ऐकलं नव्हतं.

"खांदा ह्यांनाच द्या," ती म्हणाली. "मला नको. शिमगा म्हटलं की ह्यांना खांदा दिसतो आणि मला चूल. पंचवीस माणसांचं जेवण आहे. ते यंदा ह्यांनीच रांधायचं. मी पडवीमागच्या खोलीत पडणार. दार लावून. माझं आजारपण राहिलंय, तेवढं मला काढू द्या."

"अगो बाय!" काशी म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या बायका हसत होत्या की काय करत होत्या मला कळलं नाही, कारण सगळ्यांना मास्क होते.

"किती दीस?" बाबाजींनी पेन उघडत विचारलं.

"सतरा."

"सतरा दीस शिमगा नसतो गो."

"मग शिमगा संपेपर्यंत."

बाबाजींनी वहीत लिहिलं, आणि वाचूनही दाखवलं: विमला शांताराम गोताड यांचे आजारपण सर्वानुमते मंजूर. माझी सूचक म्हणून सही घेतली. अनुमोदक संदेश.

पालखीच्या दिवशी पहाटेपासून मी चुलीपुढे होतो. मोठा टोप, ओली लाकडं, धूर. मनस्वी उंबऱ्यावर बसून मोबाइलवरून सांगत होती, किती तांदळाला किती पाणी, आणि ते सगळं चार माणसांच्या हिशेबाचं होतं. काळ्या वाटाण्याचं सांबारं मी तीनदा चाखलं आणि तिन्ही वेळा वेगळं लागलं. हात भाजला. कमरेचा काटा ढिला झाला. तरी आत कुठेतरी मी खूश होतो, कारण खांदा माझाच होता. न्हाऊन धोतर नेसून ठेवलं होतं, वर पंचा गुंडाळून मी रांधत होतो. ढोल वाजायला लागले तेव्हा सांबारं उतरवलं, भात मंद केला, आणि जाता जाता चहाचा कप घेऊन खोलीच्या दाराशी गेलो. उंबऱ्यावर ठेवला. आणि काय मनात आलं कोण जाणे, दाराला तोंड लावून विचारलं, "बरं वाटतंय का गो?"

आतून कूस बदलल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नाही."

मला वाटलं होतं ती "होय" म्हणेल. माणसं होयच म्हणतात.

"काय होतंय?"

"दमायला होतं. गणपतीपासून. जिना चढले की धाप लागते."

मागून वास आला. "भात लागतोय वाटतं," मी म्हटलं. "करपट वास येतोय ना?"

"मला नाही येत."

"दार लावलंय म्हणून."

"नाही हो. मला वासच येत नाही. ताप आला तेव्हापासून गेलाय तो आलाच नाही. चवही अर्धीमुर्धी."

सात महिने. सात महिने ही बाई रोज दोन वेळा रांधत होती, अंदाजानं. आणि मी जेवून उठत होतो. मी खाली बसलो, दाराला पाठ लावून. चहाचा कप मांडीशी घेतला, कारण तो तिथे गार होत होता. गेले पंधरा दिवस माझ्या पायाला जी भिंगरी लागली होती ती एकदम थांबली. डोळ्यांत धूर होता, दुसरंही होतं, मी पंच्यानं पुसलं.

बाहेर ढोलांचा आवाज वाढला. संदेश धावत परसात आला, घामाघूम.

"दादा! पालखी उठते! पहिला खांदा तुझा, सगळी थांबल्येत. चल लवकर!"

"तू दे पहिला खांदा," मी म्हटलं.

"काय?"

"जा, तू दे. मी इथे बसलोय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं बंद दाराकडे बघितलं. आतून विमला म्हणाली, "अहो, जा की. वर्षाचा मान आहे."

"नाही जात," मी म्हटलं. "तू झोप." आणि संदेशला सांगितलं, "जाता जाता तेवढा भात उतरव."